घरगुती बिअरसाठी तापमान नियंत्रक: घरी जोडावा की तयार आणावा?

गॅरेजवाला

नमस्कार मंडळी. मी टेक्ससमध्ये ऑस्टिनला राहतो आणि घरी बिअर करतो. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत करता येते, विकता मात्र येत नाही. माझी एक खेप साधारण २० लिटरची असते.

हिवाळ्यात काही अडत नाही. उन्हाळ्यात गॅरेज ३८-४० अंशांवर जातं, आणि घरातला एसी २५ वर ठेवला तरी एलच्या (म्हणजे कोमट तापमानाला आंबणाऱ्या बिअरच्या) यीस्टला ते जास्तच होतं. त्याला १८ ते २० च्या आसपास ठेवलं की बिअर स्वच्छ लागते. त्याच्या वर आंबली की आधी फळांसारखा वास येतो, आणि फारच गरम झाली तर घशाला लागणारा दारूचा तिखटपणा येतो. तो नंतर कशानंही जात नाही.

सात घनफुटांचा एक जुना आडवा डीप फ्रीजर स्वस्तात मिळालाय. त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट उणे १८ वाला, त्यामुळे बाहेरून चालू-बंद करणारा नियंत्रक हवाच. तो मला स्वतः जोडायचा आहे. सोल्डरिंग येतं, घरातले स्विच-सॉकेट बदललेले आहेत.

एसटीसी-१००० हे तापमान नियंत्रकाचं तयार यंत्र घेऊन जोडावं, की ईएसपी (प्रोग्रॅम करता येणारी वायफायवाली छोटी चिप) वापरून पहिल्यापासून बनवावं? सेन्सर नेमका कुठे लावायचा, फ्रीजरच्या हवेत की भांड्याला? आणि टेक्ससमध्ये गरम करण्याची सोय ठेवायची गरज आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

आंबटगोड

वाचनखूण साठवली. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

ओहमचा_नियम

न्यू जर्सीहून लिहितोय. पहिल्यांदा करत असाल तर एसटीसी-१००० घ्या. लहानसा चौकोनी डबा, पुढे लाल आकडे, मागे आठ स्क्रू. आत दोन रिले (विजेनं चालणारे स्विच) असतात, एक थंड करण्यासाठी आणि एक गरम करण्यासाठी, प्रत्येकी १० अँपिअरचे. मागवताना ११० व्होल्टचा आहे ना हे बघून घ्या, २२० चाही तसाच दिसतो.

मागच्या आठ जागांपैकी १ आणि २ वर वीज, ३ आणि ४ वर सेन्सर, ५-६ गरम, ७-८ थंड. इथे पुष्कळ जण अडतात, कारण ५-६ आणि ७-८ वर आपोआप वीज येत नाही. ते नुसते स्विच आहेत. १ वर आणलेल्या फेजचा एकेक तुकडा ५ ला आणि ७ ला द्यावा लागतो, मग ६ आणि ८ मधून सॉकेटकडे फेज जातो.

सॉकेट म्हणून साधं दोन तोंडांचं अमेरिकन सॉकेट घ्या. त्याच्या पितळी स्क्रूंच्या बाजूला, म्हणजे फेजच्या बाजूला, दोन्ही तोंडांना जोडणारी पत्र्याची बारीक पट्टी असते. ती पक्कडीत धरून वाकवायची आणि तोडायची, म्हणजे वरचं तोंड फ्रीजरला आणि खालचं हीटरला असं वेगळं होतं. पांढुरक्या स्क्रूंच्या बाजूची न्यूट्रलची पट्टी तोडायची नाही. हिरवी तार सॉकेटच्या अर्थिंगला जोडायची, आणि डबा धातूचा असेल तर डब्यालाही. तार १४ गेजची वापरा आणि केबल डब्यात शिरते तिथे पकड लावा, म्हणजे कोणी केबल ओढली तरी ताण जोडावर येणार नाही. हे सगळं पिन काढलेल्या अवस्थेत. आणि हा डबा ज्या सॉकेटमध्ये लावाल ते जीएफसीआयचं (गळती होताच वीज तोडणारं) असू द्या, गॅरेजमध्ये बहुधा असतंच.

तयार_माल

एवढी यातायात कशासाठी? इंकबर्डचं आयटीसी-३०८ तयार मिळतं. पिन लावा, फ्रीजर आणि हीटर त्यात खोचा, काम झालं. एसटीसी, डबा, सॉकेट, केबल, पकडी या सगळ्याची बेरीज केली तर पैशांतही फारसा फरक पडत नाही. वर ११० व्होल्टच्या उघड्या जोडण्या, गॅरेज, ओलसर फ्रीजर. मला हे पटत नाही. छंद बिअरचा आहे ना?

ओहमचा_नियम

@तयार_माल, छंद दोन्हींचा असू शकतो की! पण तुमचा सुरक्षेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ज्याला फेज, न्यूट्रल आणि अर्थ डोळे मिटून सांगता येत नाहीत त्यानं तयारच घ्यावं. गॅरेजवाल्यांनी सॉकेट बदललेली आहेत म्हणून मी एवढं लिहिलं.

गॅरेजवाला

@तयार_माल, पैसे वाचवायला नाही करत. मला तापमान दिवसागणिक बदलायचंय: पहिले तीन दिवस १८, मग हळूहळू २१, आणि शेवटी शून्याजवळ. रोज जाऊन बटणं दाबण्यापेक्षा यंत्रानं ते करावं असं वाटतं. म्हणून ईएसपीचा विचार होता.

रेणूबंध

सेन्सर कुठे लावायचा याचं उत्तर यीस्ट किती उष्णता सोडतं त्यात आहे, म्हणून थोडं गणित मांडते.

२० लिटर वर्ट (आंबायच्या आधीचं धान्याचं गोड पाणी), पाण्याच्या तुलनेत घनता १.०५० वरून १.०१० वर आली असं धरू. म्हणजे अल्कोहोल साधारण सव्वापाच टक्के, सुमारे ८३० ग्रॅम. त्यासाठी १६०० ग्रॅमच्या आसपास साखर खर्च होते. एक ग्रॅम साखर आंबताना अर्ध्या किलोज्यूलपेक्षा थोडी जास्त उष्णता निघते, म्हणजे सगळी मिळून ९००-९५० किलोज्यूल. २० लिटर पाणी एक अंशानं तापवायला ८४ किलोज्यूल लागतात. उष्णता बाहेर गेलीच नाही असं मानलं तर भांडं जवळपास ११ अंशांनी तापेल!

प्रत्यक्षात ती हळूहळू बाहेर जाते, त्यामुळे जोराच्या दिवशी भांड्यातला द्रव भोवतालच्या हवेपेक्षा तीन ते पाच अंश गरम असतो. म्हणजे सेन्सर हवेत लटकवून १९ वर लावलात तर यीस्ट २३ वर काम करत असेल, आणि तुम्हाला आकडा दिसेल १९. ते तिखट अल्कोहोल आणि फळांसारखा वास देणारे एस्टर पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरतात, यीस्ट वाढत असतं तेव्हा. नेमक्या त्याच दिवसांत हवेचा सेन्सर सगळ्यात जास्त फसवतो.

तेव्हा सेन्सर भांड्यालाच. द्रवाच्या पातळीच्या मध्यावर, बाहेरून चिकटपट्टीनं घट्ट, आणि त्यावर फोमचा किंवा बबल रॅपचा जाड तुकडा. तो तुकडा विसरायचा नाही, नाहीतर सेन्सर अर्धी हवाच मोजतो.

हीटरबद्दल: हीच उष्णता तीन दिवसांवर पसरली तर सरासरी चार वॉटच्या आत येते. तुमच्या फ्रीजरच्या भिंती जाड आहेत. तेव्हा गरम करायला २०-२५ वॉटची चटईसुद्धा भरपूर झाली, मोठा हीटर नको.

मेलबर्नकर

रेणूताई, गणिताला दंडवत. पण बाहेरून चिकटवण्यापेक्षा थर्मोवेल उत्तम असं माझं मत. झाकणातून खाली जाणारी स्टीलची बंद नळी, सेन्सर तिच्यात, म्हणजे थेट मधल्या द्रवाचं तापमान. मी इथे ऑस्ट्रेलियात हेच वापरतो. २३० व्होल्टचा एसटीसी इथे घरी बिअर करणाऱ्यांत फार चालतो.

रेणूबंध

@मेलबर्नकर, स्टीलची नळी चांगलीच. पण आंबण जोरात असताना बुडबुडे सगळा द्रव ढवळत असतात, त्यामुळे मध्य आणि कड यांत फार फरक राहत नाही. फरक पडतो तो नंतर, शून्याकडे नेताना. आणि नळी म्हणजे निर्जंतुक करायची आणखी एक वस्तू. ज्याच्याकडे झाकणात भोक असलेलं भांडं आहे त्यानं लावावी, नसेल तर त्यासाठी झाकण कोरू नये असं मला वाटतं.

मेलबर्नकर

ढवळण्याचा मुद्दा मान्य. लेगर (थंडीत सावकाश आंबणारी बिअर) करणाऱ्यांनी मात्र नळीचा विचार करावा, आमचं आंबण संथ असतं.

गार_वारा

मी बिअर करत नाही, पीतही नाही. पण दुबईत एसी आणि फ्रीजच्या दुरुस्तीत बरीच वर्षं आहे, म्हणून फ्रीजरच्या बाजूनं लिहितो.

पहिलं, आडव्या डीप फ्रीजरच्या भिंतींना ड्रिल लावू नका. उभ्या फ्रिजात थंड होणारा भाग बहुधा एका जागी असतो, पण आडव्यात गॅसच्या नळ्या चारही भिंतींच्या आतून गुंडाळलेल्या असतात. भोक नळीला लागलं की गॅस गेला आणि फ्रीजर भंगारात. हल्लीच्या पुष्कळ मॉडेलमध्ये आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो. सेन्सरची तार झाकणाच्या रबरी पट्टीखालून घ्या. तार बारीक असते, रबर तिच्याभोवती बसतं. पट्टीच्या कोपऱ्याजवळून नका घेऊ, तिथे फट राहते.

दुसरं, कॉम्प्रेसर बंद झाला की लगेच चालू करायचा नाही. बंद होताना एका बाजूला दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. तो समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज दिली तर मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते, करंट खेचते, आणि ओव्हरलोड तिला तोडतो. असं वारंवार झालं की वाइंडिंग जळतं. आमच्याकडे जळके कॉम्प्रेसर येतात त्यात या कारणाचे भरपूर असतात. कमीत कमी पाच मिनिटांची विश्रांती ठेवा.

तिसरं, फ्रीजर १९ अंशांवर चालवलात तर आत दव धरतं. बर्फ होत नाही, पाणी होतं. तळाशी साचतं आणि बुरशी येते. ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि दर काही दिवसांनी पुसून घ्या.

आणि एक. हे सगळं जुन्या, गोल खटक्याच्या थर्मोस्टॅटवाल्या फ्रीजरला लागू. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आणि डिजिटल बोर्डवाल्या यंत्राची वीज बाहेरून सारखी तोडू नका, ते त्यासाठी बनलेलं नसतं.

ओहमचा_नियम

गार_वारा, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून ठेवावा इतका चांगला आहे.

विश्रांतीची सोय एसटीसीत आहे. एफ१ म्हणजे हवं ते तापमान, एफ२ म्हणजे किती फरक पडल्यावर यंत्रानं हालचाल करायची, एफ३ म्हणजे कॉम्प्रेसरची विश्रांती, एक ते दहा मिनिटं. एफ४ सेन्सरच्या दुरुस्तीसाठी. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी कालवून सेन्सर त्यात धरायचा, शून्य दिसलं पाहिजे. ०.६ दिसलं तर एफ४ ला उणे ०.६.

एफ२ बद्दल जपून. १९ लावून एफ२ ला ०.३ ठेवलं तर १९.३ ला फ्रीजर चालू होतो, १९ ला बंद. पण बंद झाल्यावरही त्याच्या भिंती गारच असतात, त्या भांड्याला आणखी खाली खेचतात. १८.७ आलं की हीटर चालू. हीटरनं वर ढकललं की पुन्हा फ्रीजर. दोघं रात्रभर एकमेकांशी भांडतात आणि विजेचं बिल तुम्ही भरता. एफ२ एक अंशाच्या आसपास ठेवा. २० लिटर द्रव आहे, तो एका रात्रीत इकडचा तिकडे होत नाही.

गारेगार

"दोघं रात्रभर एकमेकांशी भांडतात"... आमच्या घरी एसीच्या रिमोटवरून हेच चालतं :)

पर्वतीपायथा

मी पुण्यात आहे. धागा वाचून हात शिवशिवायला लागले. इथे करता येईल का? माल्ट आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) ऑनलाइन दिसतात.

तिसरी_घंटा

@पर्वतीपायथा, नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. सामान मिळतं म्हणून परवानगी आहे असं होत नाही. पुण्यात ताज्या बिअरच्या परवानाधारक जागा आहेत, तिथे जाऊन टाक्या बघा, ब्रुअरशी गप्पा मारा. मोठ्या टाकीला थंड ग्लायकॉल फिरवणारं आवरण असतं आणि प्रत्येक टाकीला वेगळा नियंत्रक. या धाग्यातलं सगळं तिथे मोठ्या आकारात दिसेल.

पर्वतीपायथा

धन्यवाद, बरं झालं विचारलं. मग नियंत्रक दुसऱ्या कशासाठी?

हिवाळी_पाखरू

इडलीच्या पिठासाठी! मी मिनेसोटात राहते. जानेवारीत बाहेर उणे २० आणि घरात १९, त्यात पीठ दोन-दोन दिवस नुसतं बसून राहायचं. ओव्हनचा दिवा लावून ठेवायचा उपाय सगळ्यांना माहीत आहे, पण कुणाच्या ओव्हनमध्ये तो २८ वर नेतो आणि कुणाच्या ३८ वर.

मी थर्माकोलच्या जाड खोक्यात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पिंजऱ्यात घालतात ती २० वॉटची चटई घातली, आणि नियंत्रकाची फक्त गरम बाजू वापरली. ३१ वर लावते. रात्री वाटलेलं पीठ सकाळी पातेल्याच्या काठाला येतं. सेन्सर पातेल्याला बाहेरून, वर टॉवेलची घडी, अगदी रेणूबंध यांनी सांगितलं तसंच. तेच खोकं ४२ वर लावलं की दही, आणि चक्क्याचं दही यात इतकं घट्ट लागतं की टांगायला कमी वेळ पुरतो. मीठ पीठ फुगल्यावर घालते, ही माझ्या सासूबाईंची पद्धत.

आंबटगोड

मीठ आधीच घालावं. आमच्याकडे हातानं कालवताना मीठ घालूनच ठेवतात आणि पीठ उत्तम फुगतं.

हिवाळी_पाखरू

आंबटगोड, यावर वेगळा धागा काढू या का? इथे बिअरवाले चिडतील :)

उकडीचा

काढाच. पण एक विचारतो, उडीद सालाची की बिनसालाची?

संपादक_मंडळ

अवांतर आवरा. इडलीच्या पिठासाठी पाककृती विभागात नवा धागा सुरू करा, दुवा इथे द्या.

शेवंती

माझा प्रश्न सुरक्षेचा आहे. आमचे हे लंडनला तळघरात बिअर करतात, घरात सहा वर्षांची मुलगी आहे. बंद फ्रीजरमध्ये आंबणातून निघणारा वायू साठतो का?

रेणूबंध

शेवंती, चांगला प्रश्न. साठतो. वरच्याच हिशोबानं एका खेपेतून ८०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला ४०० लिटरच्या वर. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे आडव्या फ्रीजरमध्ये तळाशी भरून राहतो. झाकण रबरानं बसलेलं असलं तरी जास्तीचा वायू निसटतो, फ्रीजर फुटत नाही. पण झाकण उघडून लगेच आत डोकं घालायचं नाही. थोडा वेळ उघडं ठेवायचं, मग वाकायचं. आणि लहान मूल असलेल्या घरात आडव्या फ्रीजरला कुलूप हवंच, बिअर असो वा नसो. तळघरात हवा खेळती ठेवा.

ओहमचा_नियम

शेवंतीताई, यात माझी भर: काही लोक गरम करायला पत्र्याच्या डब्यात बल्ब ठेवतात. तो लहान मुलाच्या हाताला भाजतो, आणि उजेड झिरपला तर बिअरही बिघडते. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की स्कंकसारखा वास येतो, म्हणून तर बाटल्या तपकिरी असतात. चटईच बरी.

बिट_बाइट

आता ईएसपीवर कोणीतरी लिहायला हवं, कारण गॅरेजवाल्यांना टप्प्याटप्प्यानं तापमान बदलायचंय आणि साधा एसटीसी ते करत नाही. (त्यातल्या चिपमध्ये दुसरं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, घालून करता येतं, त्याला एसटीसी-१०००+ म्हणतात. पण पुढच्या मालात चिप बदललेली असते, तेव्हा डबा उघडून चिपवरचं नाव वाचल्याशिवाय त्या भरवशावर घेऊ नका.)

ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२, एक डीएस१८बी२० सेन्सर स्टीलच्या टोपीतला, दोन रिलेंचा बोर्ड, पाच व्होल्टचा अडॅप्टर. सेन्सरच्या डेटा तारेपासून ३.३ व्होल्टपर्यंत ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावावा लागतो. तो नसला की आकडे मधूनच गायब होतात आणि लोक प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. स्वतः प्रोग्रॅम लिहायचा नसेल तर ब्रूपाय या प्रकल्पातून निघालेलं ब्रूपायलेस ईएसपीवर चालतं, ब्राउझरमध्ये आलेख दिसतो, दिवसवार तापमान भरता येतं.

स्वतः लिहिणार असाल तर दोन गोष्टी जरूर करा. डीएस१८बी२० ला वीज मिळाली की पहिलं मोजमाप होईपर्यंत तो ८५ अंश सांगतो. तुमच्या प्रोग्रॅमनं ते खरं मानलं तर फ्रीजर विनाकारण सुरू होईल. ८५ आलं की टाकून द्या. आणि सेन्सर तुटला तर तो उणे १२७ असा आकडा देतो, निदान नेहमीच्या लायब्ररीत तरी. प्रोग्रॅम म्हणेल, बापरे, किती गार, आणि हीटर लावून ठेवेल. म्हणून वाचन शहाण्या मर्यादेबाहेर गेलं की दोन्ही रिले बंद, असा नियम सगळ्यात वर लिहा. वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर चिप पुन्हा सुरू करणारी सोय) चालू ठेवा. वायफाय गेलं तरी तापमान सांभाळलं गेलं पाहिजे, नियंत्रण कधीही नेटवर टाकू नका.

ओहमचा_नियम

@बिट_बाइट, रिले बोर्डाबद्दल माझी तक्रार आहे. त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका चालू करंटच्या कितीतरी पट असतो. संपर्क चिकटून बसले की फ्रीजर बंदच होत नाही आणि सकाळी बिअरचा बर्फ. एसटीसीतही रिलेच आहे हे खरं, पण निदान तो कॉम्प्रेसरसाठी म्हणून विकतात. ईएसपीवाल्यांनी मोटरच्या भाराचा रिले किंवा कॉन्टॅक्टर (मोठ्या भारासाठीचा दणकट रिले) घ्यावा.

बिट_बाइट

मान्य. मग एसएसआर (हलते संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले)?

ओहमचा_नियम

हीटरला चालेल. कॉम्प्रेसरला नको म्हणतो. एसएसआर बिघडला तर बहुतेक वेळा चालूच राहून बिघडतो, वर त्याला उष्णता घालवायला पत्रा लागतो, आणि बाजारात नकली मालाचा सुळसुळाट आहे.

गार_वारा

+१. कॉम्प्रेसरला कॉन्टॅक्टर. आमच्या धंद्यात तेच वापरतात.

तयार_माल

बघा, फिरून कॉन्टॅक्टरपर्यंत आलात. मी अजूनही म्हणतो तयार घ्या. पण हा ८५ अंशांचा आणि उणे १२७ चा किस्सा मला माहीत नव्हता. तयार यंत्रातही सेन्सर तुटला तर ते काय करतं हे मी आज तार काढून बघितलं. दोन्ही बाजू बंद होतात आणि ओरडतं. समाधान झालं.

बव्हेरियाकर

म्युनिकहून थोडा इतिहास. १५५३ मध्ये इथे फर्मान निघालं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायचीच नाही. कारण सरळ होतं, उन्हाळ्यात केलेली बिअर बिघडायची. मार्चमध्ये भरपूर करून डोंगरातल्या तळघरांत हिवाळ्यात कापून आणलेल्या बर्फाशेजारी साठवायचे. तळघरांवर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली, त्यांच्याखाली लोक प्यायला बसू लागले, आणि त्यातून इथल्या बिअर गार्डन्स आल्या. १८७० च्या दशकात कार्ल लिंडेनं ब्रुअरीसाठी शीतकरण यंत्र केलं आणि तो ऋतूंचा जाच संपला. तेव्हा गॅरेजवाले, तुमच्या फ्रीजरला मोठी परंपरा आहे.

लेगर करणार असाल तर १० ते १२ वर आंबवा, आंबण संपत आलं की दोन-तीन दिवस १६ पर्यंत चढवा. लोण्यासारखा वास देणारं डायॲसिटिल यीस्ट तेव्हा स्वतःच परत खाऊन टाकतं. मग हळूहळू शून्याजवळ, काही आठवडे.

फ्योर्डवासी

आणि ज्यांच्याकडे फ्रीजरच नाही त्यांच्यासाठी नॉर्वेचं क्वाइक. इथल्या पश्चिम किनाऱ्याच्या खेड्यांत शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या वाळवून जपलेलं यीस्ट. व्हॉस भागातलं ३५ ते ४० अंशांवर आंबतं आणि तरी तिखट होत नाही, किंचित संत्र्याचा वास येतो. ऑस्टिनच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये तसंच ठेवलं तरी जमेल.

रेणूबंध

@फ्योर्डवासी, क्वाइक मलाही आवडतं. पण त्यावर जर्मन पिल्सनर होत नाही, आणि गॅरेजमध्ये दुपारी ४० व पहाटे २६ असा झोका असेल तर क्वाइकसुद्धा नीट वागत नाही. गरम चालतं, पण स्थिर गरम हवं. म्हणजे तिथेही हीटर आणि नियंत्रक आलाच.

फ्योर्डवासी

हे मात्र खरं. इथे भांड्याला गोधडी गुंडाळतात.

गॅरेजवाला

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. डबा जोडून झाला.

शेवटी मधला मार्ग काढला. विजेची बाजू एसटीसी-१००० कडेच ठेवली, ओहमच्या नियमांप्रमाणे ५ आणि ७ ला फेज देऊन. पितळी बाजूची पट्टी तोडायला वाटलं त्यापेक्षा जोर लागला, तीन-चारदा वाकवल्यावर तुटली. मीटरनं दोन्ही तोंडं वेगळी झाल्याची खात्री केली, मगच डबा बंद केला. एफ२ १ वर, एफ३ १० मिनिटांवर. बर्फाच्या पाण्यात सेन्सर ०.४ दाखवत होता, तो एफ४ नं दुरुस्त केला.

ईएसपी आणि डीएस१८बी२० फक्त निरीक्षणासाठी लावलेत. एक सेन्सर भांड्याला फोमखाली, दुसरा फ्रीजरच्या हवेत. आंबण जोरात असताना भांडं १८.६ आणि हवा १३.८ होती. रेणूबंध यांचं गणित आलेखावर उमटलेलं बघून फार आनंद झाला. हवेत सेन्सर ठेवून १९ लावला असता तर यीस्ट कुठे गेलं असतं ते स्पष्ट दिसतंय. तापमान चढवायचं काम सध्या रोज संध्याकाळी एकदा बटण दाबून करतो, त्या निमित्तानं वासही घेतो. पुढे आलेख बघून ईएसपीकडे नियंत्रण द्यायचं की नाही ते ठरवेन. दिलं तर कॉन्टॅक्टर लावूनच.

हीटर आत्तापर्यंत एकदाही चालू झालेला नाही. चटई तरी काढत नाही, डिसेंबरात इथेही गॅरेज पाच-सहा अंशांवर जातं.

आता घनता दोन दिवस १.०११ वर स्थिर आहे. उद्या २ अंशांवर न्यायचा विचार आहे. त्याआधी काही काळजी?

बव्हेरियाकर

एअरलॉकमधलं (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतलं) पाणी काढून टाका! भांडं गार होताना आतला वायू आकसतो आणि ते पाणी बिअरमध्ये ओढलं जातं, मागोमाग बाहेरची हवाही. आंबण संपलंय, तेव्हा झाकणाचं भोक घट्ट बुचानं बंद करा. प्लास्टिकची बादली असेल तर थोडी आत दबेल, त्याला घाबरू नका. काचेचं भांडं असेल तर बुचाऐवजी कार्बन डायऑक्साइड भरलेला फुगा लावा.

गॅरेजवाला

बादलीच आहे. बुच आणतो.

गार_वारा

२ अंशांवर नेताना फ्रीजर बराच वेळ सलग चालेल, ते ठीक आहे. पण कॉम्प्रेसरच्या बाजूला भिंतीपासून वीतभर जागा सोडली आहे ना? टेक्ससच्या गॅरेजमध्ये त्याला श्वास घ्यायला हवा लागते.

गॅरेजवाला

चार बोटंच होती. आत्ताच पुढे ओढला.